बाळ अजून गरम आहे

नातू झाला त्या सकाळी मी नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला. गोरा, गुलाबी, मुठी आवळलेला. नागपूरहून मोठ्या बहिणीचा लगेच फोन आला, "अरे, हा तर आपल्यावर गेला रे!"

त्याची बहीण, माझी नात, पाच वर्षांपूर्वी झाली तेव्हा मी फोटो टाकला नव्हता. फोन बिघडला म्हणून सांगितलं होतं. फोन बिघडला नव्हता. हे मी बायकोलाही कधी बोललो नाही, आज लिहून टाकतो.

जावई केनियाचा. माझी मुलगी पुण्यात ज्या कॉलेजात शिकवते तिथेच तोही शिकवतो. उंच, शांत, तुकतुकीत काळा. मराठी तो तिच्याकडूनच शिकला, त्यामुळे पुण्यात राहूनही आमची नागपुरी बोलतो. "आई, मले अजून एक पोळी," म्हणाला की माझी बायको विझवलेला गॅस पुन्हा पेटवते. माणूस म्हणून नाव ठेवायला जागा नाही. फक्त चार लोकांत "हा माझा जावई" म्हणताना माझा आवाज खाली जायचा.

दुसऱ्या बाळंतपणाला मुलगी भिलाईला आमच्याकडे आली, नातीला घेऊन. जावई बारशाला येणार होता. नातीला सांभाळायचं काम माझ्याकडे. एकदा तिला घेऊन विळ्याला धार लावायला सुपेल्याच्या बाजारात गेलो. तिथे लोहाराने भट्टीतून सळई काढली आणि बाजूला टाकली. नात उकिडवी बसून पाहत राहिली. सळई नारिंगीची लाल झाली, लालची काळी.

"आबा, ते काळं कावून झालं?"

भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रेल मिलमध्ये उमर घातलेला माणूस मी, मला कोणी विचारायचाच अवकाश. "लाल आहे तोवर लोखंड कच्चं असते, माय. कोणीही वाकवते. थंड होऊन काळं झालं की मग पक्कं. आमच्या मिलमधला रूळही असाच लाल निघते. काळा झाल्याशिवाय त्याच्यावरून गाडी नाही जात."

ती उठून माझं बोट धरून चालू लागली. मला वाटलं, विसरली.

बाळ घरी आलं. थंडीचे दिवस. बायकोने पलंगाखाली शेगडी ठेवली, तिच्यात ओवा टाकायची. नात तासन्‌तास पलंगाला टेकून बसायची आणि बाळाच्या गालावर हळूच फुंकर घालायची. आम्हाला ते लाड वाटले. मग एका दुपारी तिने तांब्याभर पाणी शेगडीत ओतलं. खोलीभर राख, धूर.

"अगं पोट्टे, काय करून राहिली! बाळाले सर्दी होईल ना!" बायको ओरडली.

नात रडली नाही. उलट तीच चिडलेली. "पण आजी, तू त्याले थंडच होऊ नाही देऊन राहिली! पप्पा येईपर्यंत तो पक्का कसा होईल?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. तिच्या हिशेबाने माणूस गरम जन्मतो. बाळ आत्ताच भट्टीतून निघालं आहे. ती स्वतः बरीचशी झाली आहे, आईचं मधेच राहून गेलं, आजीचं तर सुरूच झालं नाही. पप्पा मात्र पूर्ण झालेला.

"आन् मी?" मी विचारलं.

तिने मला नीट निरखलं. मी स्वतः चांगला सावळा आहे. "तुमी होऊन राहिले, आबा. थोडेसेच राहिले."

हसता हसता मुलीचे टाके दुखले. मला नातीचं खरंच कौतुक वाटलं. लोहाराची सळई, आजीची शेगडी आणि घरातली माणसं एवढ्यावर तिने सगळ्या जगाचा उलगडा केला होता, आणि त्यात कोणीच बिघडलेलं नव्हतं. काहींचं फक्त व्हायचं राहिलं होतं.

पण माझं हसू पुरं आलं नाही. मालीशवाल्या छत्तीसगढी बाईने तिसऱ्याच दिवशी मला हळूच सांगितलं होतं, "असली रंग तो कान म दिखथे, बाबूजी." मी पाहिलं. कानांच्या कडा जांभळासारख्या. त्या दिवसापासून मी बाळाचं टोपडं कानांवर ओढून नाडी घट्ट बांधत होतो. वारं लागेल, म्हणायचो. बारशाला नागपूरची मंडळी येणार होती. त्यांनी गोरा नातू पाहावा आणि गाडीत बसावं, एवढंच मला हवं होतं. नात बाळ काळं होण्याची वाट पाहत होती, आणि मी ते बारशापर्यंत होऊ नये याची.

बारशाच्या सकाळी जावई आला. नातीने त्याला दारातच गाठलं. "पप्पा, सॉरी. अजून नाही झाला. आजी शेगडी लावते."

त्याला फोनवर सगळं कळलं होतं. तरी तो हसला नाही. पायातले बूट काढले, हात धुतले, बाळाच्या पोटावर तळवा ठेवला आणि विचार केल्यासारखं करून म्हणाला, "हो. गरम आहे अजून. आपण थांबू. मले घाई नाही."

इतक्या वर्षांत मी त्या माणसाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, असं वाटतं.

नाव ठेवायला आत्या लागते. बाळाची आत्या केनियात. माझी बहीण पदर सावरत पुढे झाली, "मी ठेवते ना, मीही कोणाची आत्याच आहे." मुलगी म्हणाली, "नाही आत्या, त्याची ताईच ठेवणार."

नात पाळण्यावर वाकली. कानात नाव सांगायचं तर कान पाहिजे. तिने टोपडं वर सारलं.

"पप्पा!" ती किंचाळली. "झाला! कानापासून सुरू झाला!"

बहीण वाकून म्हणाली, "अगबाई, कान तर..." आणि माझ्याकडे पाहिलं. नात मात्र एकेकाला हाताला धरून पाळण्याशी आणत होती. "पाहा ना! आबांनीच सांगितलं, काळं झालं की पक्कं. मग वरून गाडी पण जाते!"

"गाडी नको," जावई म्हणाला आणि खो खो हसत सुटला. मग कोणालाच आवरेना.

"आन् माझं काय गं?" बहिणीने विचारलं. जन्मभर गोरेपणावर मान ताठ ठेवलेली बाई.

नात क्षणभर घुटमळली. "तुमाले टाइम आहे," तिने समजूत काढली.

नाव ठेवून झालं. मंडळी घुगऱ्यांकडे वळली. मी सवयीने टोपड्याच्या नाडीला हात घातला. मुलीने माझ्या हातावर हात ठेवला. "राहू द्या, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "मले माहीत आहे."

काय काय माहीत आहे, ते तिने सांगितलं नाही. टोपड्याचंच, की त्या फोनचंही? मला विचारायची हिंमत झाली नाही. हात मागे घेतला. नात पाळण्याच्या पलीकडून माझ्याकडे पाहत होती.

"आबा, फुंकर घाला ना. लवकर होईल."

मी वाकलो, आणि घातली.