गोरेगावची पेज

“कॅन्सर आहे, टॉन्सिलचा. पण लवकर सापडलाय,” डॉक्टर म्हणाल्या. मुलगी शेजारी बसून वहीत लिहून घेत होती. मला खुर्चीत बसवेना. उठून खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. पुढचे कित्येक आठवडे मी असाच येरझाऱ्या घालत होतो.

त्याआधी महिनाभर गिळताना घशात डाव्या बाजूला टोचत होतं. मी गुळण्यांवर भागवलं. तुमचं असं दुखणं पंधरा दिवसांवर गेलं, तर तसं करू नका.

रेडिएशन ठरलं. आठवड्यातले पाच दिवस, साडेसहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात म्युकोसायटिस झाला, म्हणजे तोंडाच्या आतलं आवरण सोलवटलं. पाण्याचा घोटही काचेसारखा उतरे. चव तर आधीच गेली होती.

आणि नेमकं तेव्हाच मला खाण्याशिवाय काही सुचेना. मी मूळचा साताऱ्याकडचा, पण एकोणीस वर्षं राज्याच्या पार पूर्व टोकाच्या गोरेगाव तालुक्यात गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली. निवृत्तीनंतर पुण्याला मुलीकडे आलो. वेटिंग हॉलमध्ये नंबर येईपर्यंत लाखोरीची डाळ, तव्यावरून थेट ताटात पडणारे, धिरड्यांसारखे तांदळाचे आयते डोळ्यांपुढून हलत नसत. तिकडे कुणाची गाय विताना अडली म्हणून जावं, तर काम उरकून हात धुवेपर्यंत ताट वाढलेलं असे. “जेवल्याबिगर जाता का जी?” पुण्यातले शेजारीही भले. “काही लागलं तर सांगा,” म्हणत. मला सांगून मागायची सवय राहिली नव्हती.

वजन उतरत चाललं. “आणखी दोन किलो गेलं तर राइल्स ट्यूब घालू,” डॉक्टर म्हणाल्या. ही नाकातून पोटात जाणारी नळी. तिच्यातून अन्न देतात. त्या दुपारी मुलीने पुढे केलेली वाटी मी सरकवून दिली. आत जाऊन तिने गोरेगावला फोन लावला, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी दारात कुंदावहिनी उभ्या. गोरेगावला त्यांच्याच घरात मी भाड्याने राहत होतो. बायको गेल्यावर माझं जेवणही त्यांच्याकडेच असे. एवढा रेल्वेचा प्रवास करून त्या एकट्या आल्या होत्या, पिशवीत घरचे तांदूळ घेऊन.

“काऊन खाऊन नाही राहिले, भाऊ?”

“चवच नाही, वहिनी. माती लागते.”

“चव कोन मांगून राहिला तुमाले? गिळा.”

त्यांनी पातळ पेज केली, कोमट होऊ दिली आणि समोर बसल्या. वाटी संपायला मला तास लागला. त्या उठल्या नाहीत.

खरं सांगतो, ती पेज गोरेगावसारखी लागली नाही. कशासारखीच लागली नाही. पण कुणीतरी आपल्यासमोर हटून बसलंय, एवढ्यावर घोट उतरत गेले. दर दोन तासांनी अर्धी वाटी, डॉक्टरांना विचारून त्यात प्रोटीनची पावडर. हॉस्पिटलमध्येही डबा सोबत असे. तिथे एका पेशंटची बायको सकाळपासून उपाशी होती. नाव विचारायच्या आधी वहिनींनी तिच्या हातावर पोळीभाजी ठेवली.

बारा दिवस त्या राहिल्या. वजन थांबलं, नळी टळली. पण नळीला घाबरू नका. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ नळीवरच तगले आणि बरे झाले.

पुढे पेट स्कॅन झाला. शरीरात रोग कुठे उरलाय का, ते दाखवणारी ही तपासणी. तो स्वच्छ आला, तेव्हा मी मुलीला म्हणालो, मला गोरेगावला सोड.

वहिनींनी शेततळ्यातल्या मासोळीचा रस्सा केला होता. भात कालवून मी पहिला घास घेतला.

“वहिनी, मीठ जास्त पडलंय.”

त्यांचा वाढता हात थांबला. पुण्यात एकदाही न रडलेली ती बाई डोळ्यांना पदर लावून उभी राहिली. मग म्हणाल्या, “पडलं असन जी. भात घ्या अजून.”

मी घेतला.