शेवट आई सांगायच्या

आमच्या सासऱ्यांनी सिनेमाच्या थिएटरात उभी हयात काढली आणि एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. लग्न ठरताना प्रज्ञेशने हे मला सांगितलं तेव्हा वाटलं, स्वारी थापा मारतेय. पण खरंच होतं ते. सुखदेव, म्हणजे बाबा, बुधवार पेठेतल्या एका टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. खेळ सुरू झाला की उशिरा येणाऱ्यांना बॅटरीने खुर्ची दाखवायची, म्हणून सुरुवात हुकायची. शेवट जवळ आला की बाहेरच्या दारांच्या कड्या काढून उभं राहायचं, म्हणून शेवट हुकायचा. मधला भाग मात्र तोंडपाठ.

बॅटरी जमिनीवर धरायची, कुणाच्या तोंडावर नाही, हा त्यांचा कायदा. कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर कॉलेजातली जोडपी बसलेली असत. "त्यांच्याकडे आधीच सगळे डोळे वटारून बघतात, त्यात माझी बॅटरी कशाला?" असं म्हणायचे.

माझ्या सासूबाई हिराबाई, त्यांना मी आई म्हणते, फॅमिली पासवर प्रत्येक नवा सिनेमा बघायच्या. खांबाआडची खुर्ची ठरलेली. नवरा दाराशी, बायको खांबाशी. एका छपराखाली असूनही दोघांनी शेजारी बसून कधी सिनेमा पाहिला नाही. घरी बाबा जेवायला बसले की ताट वाढतावाढता आई शेवट सांगायच्या. दोघं भेटली, घरचे नरमले, लग्न लागलं, एवढं कानावर पडलं की बाबा म्हणायचे, "चला, बरं झालं," आणि ताक मागायचे. प्रज्ञेश त्या गोष्टी ऐकतच मोठा झाला.

पुढे टॉकीज बंद पडलं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. बाबा तिकडे गेले की दुकानदाराला सांगतात, "इथे बाल्कनीचा जिना होता." तो विचारतो, "काही घ्यायचंय का?" पुण्यातला दुकानदार, दुसरं काय विचारणार!

यंदा आईंना काचबिंदू निघाला. डावा डोळा गेल्यातच जमा, उजव्याने अंधुक दिसतं, आणि तेही किती दिवस राहील याची डॉक्टर खात्री देईनात. परत येताना मी रिक्षात सोबत होते. आई म्हणाल्या, "अहो, मला एकदा तुमच्या शेजारी बसून अख्खा सिनेमा बघायचाय. दिसतंय तोवर."

बाबा बाहेर बघत "हो" म्हणाले.

मी हाफ डे टाकला आणि तीन तिकिटं काढली. वारज्याहून खराडी म्हणजे परगावीच जाणं, हे मला कळतं; पण माझ्या ऑफिससमोरच्या मल्टिप्लेक्सला मोठा पडदा आहे आणि मध्ये खांब नाही. सिनेमा चार जोडप्यांचा होता. एक कॉलेजातलं, एक संसाराला विटलेलं, एक घटस्फोटानंतर पुन्हा प्रेमात पडलेलं आणि एक म्हातारं. आईंचा जीव त्या म्हाताऱ्या जोडीत अडकला.

बाबांचं लक्ष मात्र ठिकाणावर नव्हतं. उशिरा एक जोडपं चाचपडत आलं, तर हे मोबाईलचा उजेड पायऱ्यांवर टाकत उठलेच. "एफ रांग? या, जपून." त्यांना बसवून परत आले तेव्हा आई म्हणाल्या, "बसा आता. रिटायर झालात तुम्ही."

सिनेमा संपत आला. बाकीची तीन जोडपी मार्गी लागली होती. म्हातारी मात्र भांडून एसटी स्टँडवर आलेली, तिच्या मागोमाग म्हातारा. पडद्यावर संध्याकाळ, बोलणं काही नाही, नुसतं संगीत. बाबांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले. अर्धे उठलेच ते. तेवढ्यात आईंनी त्यांची बाही धरली.

"अंधार झालाय हो. मला काहीच दिसत नाही. गेली का ती?"

बाबा खाली बसले. आईंसाठी बघायला दुसरं कुणी नव्हतंच. मी होते, पण मला कोण विचारतंय! आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सिनेमाचा शेवट पाहिला. म्हातारीला घेऊन एसटी निघून गेली आणि म्हातारा तिथेच उभा राहिला.

"नाही गेली," बाबा म्हणाले. "उतरली. पिशवी त्याच्याकडे दिली. दोघं घरी चाललेत."

"खोटं बोलताय. सगळं थिएटर नाक ओढतंय, ऐकू येतं मला."

माझाही रुमाल भिजला होता.

"असू दे," आई म्हणाल्या. "मी तरी काय वेगळं केलं? निम्म्याहून जास्त सिनेमे तुम्हाला माझ्या मनानेच संपवून सांगितलेत."

बाबा त्यांच्याकडे वळले. "म्हणजे? तो ट्रकवाला? त्याचं लग्न झालं ना मास्तरांच्या मुलीशी?"

"कसलं लग्न! घाटातच गेला तो."

"आणि मला सांगितलंस पेढे वाटले म्हणून?"

"दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला जेवताना कुणाचं मरण काय सांगायचं?"

दिवे लागले. लोक आमच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर गेले, झाडूवाली माणसं आत आली. बाबा उठले नाहीत. आईंचा हात दोन्ही हातांत धरून बसले होते, डोळे वाहत होते, आणि विचारत होते, "अजून कोण कोण गेलं, सांग."