गंज बाहेर

धंतोलीच्या एका दवाखान्यात मी आया म्हणून लागली, तेव्हा घरचा हातमाग बंद पडला होता अन् नवऱ्याच्या हाताला काम नव्हतं. महिनाभर शिकवणार, जमलं तर ठेवणार, असं बोलणं झालं होतं. ही नोकरी गेली की चूल थंडी, हे मला पक्कं माहीत होतं.

आम्हा नव्या आयांना शिकवायला हेड सिस्टर. पुण्याकडची, बोलणं पुस्तकातलं अन् तेही आगगाडीसारखं. तेव्हा सुया, काचेच्या सिरिंजा, कात्र्या, सगळं उकळूनच वापरायचं. त्याचं सांगता सांगता ती म्हणाली, "उकळायच्या खोलीत गंज दिसता कामा नये. दिसला की लगेच बाहेर काढायचा." समजलं का, हे काही विचारलं नाही. आम्ही माना डोलावल्या. न समजायला त्यात होतं काय?

आता आमच्या नागपुरात गंज म्हणजे पातेलं. भात शिजवतो तो गंज, दूध तापवतो तो गंज. संध्याकाळी मी खोलीतले सगळे गंज घासून मागच्या अंगणात नेले अन् पालथे घातले. म्हटलं, पुण्याची रीत असेल बाप्पा!

सकाळी ऑपरेशनची वेळ झाली, अन् सुया उकळायला भांडं नाही. डॉक्टर ओरडले. सिस्टर माझ्या अंगावर धावली, "लोखंडाला चढतो तो गंज गं! साधं मराठी कळत नाही? जा घरी, भाषा शिकून ये."

माझं डोकंच सटकलं. "तो जंग व्हय, बाई! तुम्ही गंज बाहेर काढा म्हणाल्या, मी काढले. तुमची बोली मले समजत नाही, माही तुम्हाले समजत नाही. मंग एकटी मीच काहून घरी जाऊ?"

डॉक्टर इथलेच. तोंडाला रुमाल लावून हसायला लागले.

"माफी माग, ठेवते," सिस्टर म्हणाली.

नाही मागितली. घरची चूल आठवली, तरी नाही मागितली. अंगणातून गंज आणले, स्टोव्हवर चढवले अन् तिथंच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं आम्हाला समोर बसवलं. पातेलं उचललं. "ह्याला काय म्हणता?"

"गंज," मी म्हटलं.

डागाळलेली कात्री दाखवली. "आणि ह्याला?"

"जंग."

"जंग दिसला की बाहेर," ती सावकाश म्हणाली. "आता काय समजलं ते एकेकीनं आपल्या शब्दांत सांगा."

माफी तिनंही मागितली नाही, मीही नाही. महिना संपला, अन् मी तिथंच होती.