घराच्या मधोमध पाणी

मी आणि बायको, दोघंही आर्किटेक्ट. मालवणात आमचं एकच ऑफिस. बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आचऱ्याजवळ घर बांधायला निघाले, तेव्हा त्यांना दोन वेगळे आराखडे दाखवायचं ठरलं. एक माझा, एक तिचा.

मी स्विमिंग पूल घरापुढे, समुद्राच्या बाजूला काढला होता. पाण्यात उभं राहिलं की समोर थेट क्षितिज. माझाच आराखडा पसंत पडणार, याची मला खात्री होती. तिने पूल घराच्या मधोमध, चौकात ठेवला होता. भोवती पडवी आणि सगळ्या खोल्यांची दारं पडवीत उघडणारी.

गृहस्थ माझ्या कागदाकडे बघून हसले. "आयुष्यभर दर्योच बघलंय. आता परत कित्याक?"

त्यांच्या पत्नीला पोहायची हौस; त्यांनी तर बायकोचा कागद हातातून सोडलाच नाही. "हयसर माका पोवूक गावतला. रस्त्यावरच्यांका दिसाचा पण नाय."

"छान आहे," मी बायकोला म्हणालो, "पण पावसाळ्यात काय करणार?" तिला उत्तर येऊ नये, असं मनापासून वाटत होतं.

"छपरांचे उतार बाहेर काढलेत," ती शांतपणे म्हणाली. "चौकात आभाळातून पडेल तेवढंच पाणी. जास्तीचं पाइपाने बाहेर."

काम सुरू झालं. मी साइटवर उभा असलो तरी गवंडी तिलाच फोन लावायचा. पूल पहिल्यांदा भरला त्या सकाळी पाण्यावरचा उजेड पडवीच्या छतावर हलत होता. असं काही मला कधी सुचलं नव्हतं. मी फोटो न काढताच निघालो.

घरभरणीला सगळे पडवीत बसून पाण्याकडे बघत होते. कोणीतरी विचारलं, "डिझाइन कोणाचा?"

"आम्हा दोघांचं," ती म्हणाली. मला ते फार लागलं. तिने सरळ "माझं" म्हटलं असतं तर निदान रागावता आलं असतं. बांद्याचे एक पाहुणे मात्र, तिकडे घर बांधायचंय म्हणून, नंबर तिचाच घेऊन गेले.

परतताना गाडीत मी म्हणालो, "पुलाच्या पायऱ्या जरा उंच झाल्यात."

"हो रे, मलाही वाटलं. बांद्याच्या घरात कमी करते."

'करूया' नाही, 'करते'. ती खिडकीशी डोकं टेकून झोपली आणि मी घरापर्यंत तो एकच शब्द चघळत गाडी चालवत राहिलो.