प्रमोदिनीबाईंची उन्हाळी वाट

प्रमोदिनीबाई एकतीस वर्षं पोस्टात होत्या. भिवंडी तालुक्यातलं कुठलंही गाव विचारा, पिनकोड त्यांच्या जिभेवर तयार. पडघा, दापोडे, काल्हेर ही नावं त्या सख्ख्या नातेवाइकांसारखी घ्यायच्या. मात्र नोकरीत असेपर्यंत यातल्या एकाही गावात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी एकदा हे बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "तात्या, तुम्ही तीस वर्षं भूगोल शिकवलात. सहारा बघून आला होतात का?" मी चहा पीत राहिलो. शेजाऱ्याने कधी गप्प बसावं हे मला कळतं.

निवृत्त झाल्यावर बायका देवदर्शनाला जातात, भिशी लावतात. बाईंना वेगळीच रुखरुख लागली होती. नोकरीत त्यांनी हजारो पाकिटांवर 'पत्ता अपूर्ण' असा शिक्का मारून ती परत पाठवली होती. त्यातली काही नोकरीची पत्रं असतील, काही कोर्टाच्या तारखांची. "माणूस तिथं राहत होता हो," त्या म्हणायच्या, "फक्त मला सापडत नव्हता." मग त्यांच्या भाच्याने, अनयने, त्यांना लॅपटॉपवर एक नकाशा दाखवला. हा नकाशा कुठल्या कंपनीच्या मालकीचा नसतो. जगभरातली हौशी माणसं उपग्रहाची छायाचित्रं बघून त्यात रस्ते, विहिरी, शाळा भरतात आणि तो कुणीही फुकट वापरावा. बाईंना यात जणू प्रायश्चित्त सापडलं. सकाळी पूजा आटोपली की त्या नकाशा उघडून बसायच्या, ते थेट कुकरच्या शिट्टीपर्यंत.

काम मात्र चोख. चित्रात रस्ता दिसला तरी गावातल्या कुणाला तरी फोन करून खात्री केल्याशिवाय त्या रेघ ओढायच्या नाहीत. मधल्यापाड्याची रेघ अशीच आली. काल्हेरच्या पुढे, गोदामांच्या रांगा संपतात तिथे खाडीच्या कडेला हा पाडा आहे. पक्क्या रस्त्याने जायचं तर सगळ्या गोदामांना सात किलोमीटरचा वळसा, तोही ट्रकांच्या गर्दीतून. चित्रात मात्र काल्हेरच्या बाजूने पाड्यापर्यंत अर्ध्या किलोमीटरची सरळ, पांढरी वाट दिसत होती. तिच्यावर ट्रॅक्टरसुद्धा दिसत होता.

बाईंनी केसरीनाथांना फोन लावला. केसरीनाथ मधल्यापाड्याचे, आगरी शेतकरी. पाड्याची पत्रं परत का जातात म्हणून पोस्टात येऊन बाईंशी भांडायचे, त्यातून ओळख झालेली. बाईंनी विचारलं, वाट आहे का. ते म्हणाले, "हाय की. आता तिथूनच आलो." बाईंनी रेघ ओढली आणि मला दाखवली. मीही चष्मा वर-खाली करून, मास्तरकीच्या तोऱ्यात, बरोबर आहे म्हणालो. फाल्गुन महिना होता.

काल्हेरमधल्या एका मंडळाची फुकट रुग्णवाहिका आहे. बाईंनी स्वतः तिथे जाऊन चालक भाविकच्या फोनमध्ये तो नकाशा उतरवून दिला होता. गोदामांच्या पत्र्यांमध्ये रेंज जाते, म्हणून पूर्ण तालुकाच फोनमध्ये साठवून ठेवलेला. भाविक पडघ्याचा, कामावर नवा. आता कुठलाही पाडा शोधायला कुणाला विचारावं लागत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. बाईंनी ते मला चार वेळा ऐकवलं. मी एकदाच ऐकल्यासारखं केलं.

गेल्या वर्षीची आषाढी अमावास्या, दिव्यांची अवस. बाई समया, निरांजनं चिंचेने घासायला बसल्या होत्या. मध्येच हात पदराला पुसून त्यांनी लॅपटॉप उघडला, आणि पाच मिनिटांत तो तसाच उचलून, चिंचेच्याच हातांनी माझ्या दारात आल्या. रुचिरा नावाची नाशिकची एक मुलगी त्यांच्याबरोबर नकाशाचं काम करायची, दोघींची कधी भेट नाही. तिने सकाळी लिहिलं होतं, 'काकू, नवीन चित्रात मधल्यापाड्याची वाट दिसत नाही. तिथे पाणी आहे. बघाल का?'

मी म्हटलं, पावसाचं साचलं असेल. बाईंनी माझ्याकडे न बघता केसरीनाथांना फोन लावला. फोन दुसऱ्याच कुणीतरी घेतला. मागे गलका चालला होता. नाथा शेतावर धावलाय, मैनाला घोणस चावली, भाताची आवणी करताना, एवढं सांगून फोन बंद झाला. मैना म्हणजे केसरीनाथांची धाकटी बहीण.

सर्पदंश म्हणजे रुग्णवाहिका. रुग्णवाहिका म्हणजे भाविक. आणि भाविकला रस्ता कोण सांगणार, तर त्यांची रेघ. त्यांनी भाविकला फोन केला. लागला नाही. पुन्हा केला. "फोन पत्र्यांत असेल," असं त्या स्वतःलाच म्हणाल्या आणि लॅपटॉपकडे वळून ती रेघ पुसली. दोन मिनिटांचं काम. पुसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की भाविकच्या फोनमधला नकाशा जुनाच आहे. तिथली रेघ इथून पुसली जाणार नव्हती.

"तात्या, गाडी काढा," त्या म्हणाल्या.

माझी गाडी चौदा वर्षांची आहे आणि मी तिला पावसात बाहेर काढत नाही, हे सगळ्या आळीला माहीत आहे. त्या दिवशी मी छत्रीसुद्धा न घेता खाली उतरलो. तोवर माझ्या डोक्यातही भलतंच चक्र सुरू झालं होतं. अमावास्या म्हणजे उधाणाची भरती. काल्हेरच्या खाडीत ती दीडच्या सुमारास चढणार. मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर चंद्र-सूर्य काढून शिकवलं होतं, आणि ती रेघ खाडीला लागून आहे हे फाल्गुनात माझ्या डोक्यात आलं नव्हतं. फळ्यावरचं पाणी कधी कुणाच्या पायाला लागत नाही.

साडेअकरा वाजले होते. अंजूरफाट्याला ट्रक एकमेकांना खेटून उभे. बाई मांडीवर फोन धरून दर मिनिटाला भाविकचा नंबर लावत होत्या. मध्येच म्हणाल्या, तो वळशाने गेला असेल, नाही का. मी म्हटलं, गेला असेल. थोड्या वेळाने म्हणाल्या, पण मीच त्याला सांगितलं होतं, डोळे मिटून भरवसा ठेव. मी हॉर्न वाजवत राहिलो. पुढचा ट्रक हललाच नाही. मला त्या ट्रकचा, त्या फाट्याचा आणि स्वतःचा इतका राग आला की स्टिअरिंगवर मूठ आपटली. अंजूरफाटा ते काल्हेर हे अंतर त्या दिवशी कापायला सव्वा तास लागला.

काल्हेरला मंडळाच्या पत्र्याच्या शेडखाली रुग्णवाहिका नव्हती. पानवाला म्हणाला, भाविक मघाशीच गेला, मधल्यापाड्याला, साप चावलाय कुणाला तरी. कुठल्या बाजूने गेला, बाईंनी विचारलं. त्याने खाडीकडे हात केला.

शेवटच्या गोदामाच्या मागे डांबर संपलं आणि समोर रुग्णवाहिका दिसली. नकाशातली वाट म्हणजे खाडीतला मातीचा बांध होता; त्यावर पन्नासेक पावलं आत जाऊन ती एका अंगाला कलली होती. पुढची दोन्ही चाकं चिखलात. दोन्हीकडे मातकट पाणी चढत होतं आणि पुढे बांध दिसतच नव्हता. भाविक गुडघाभर पाण्यात उभा राहून चाकाखाली दगड सारत होता. तो धड आहे हे बघून माझा जीव भांड्यात पडला. बाईंचा पडला नाही. पलीकडे पाड्यावर मैना होती.

बांधाच्या तोंडाशी बोरीची एक मोठी काटेरी फांदी बाजूला ओढून टाकलेली होती. भाविकनेच ती ओढली होती. तो म्हणाला, "मॅडम, नकाशात रस्ता होता. मला वाटलं फांदी वाऱ्याने पडली असेल."

ती वाऱ्याने पडलेली नव्हती. हे आम्हाला तिथे जमलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं. हा बांध दर पावसाळ्यात फुटतो. भात झोडून झालं की पाड्यातली माणसं माती टाकून तो सपाट करतात आणि त्यावरून गाड्या जातात. मृग लागला की दोन्ही तोंडांना काटी टाकायची. काटी पडली की वाट बंद. खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. पडघ्याच्या भाविकला कळलं नाही, कारण पडघ्याला खाडी नाही. आणि उपग्रहाच्या फाल्गुनातल्या चित्रात काटी कुठून दिसणार.

बाईंनी पुन्हा केसरीनाथांचा नंबर लावला. या वेळी त्यांनीच उचलला. बाईंनी आवाज स्थिर ठेवून सांगितलं, "रुग्णवाहिका बांधात रुतली आहे. काल्हेरच्या बाजूला. ती माझ्या नकाशामुळे तिकडे गेली. चूक माझी आहे. आमच्याकडे गाडी आहे, पण वळशाने यायला तास लागेल."

मग केसरीनाथ एवढंच म्हणाले, "थांबा तिथंच. पानी चढलंय. होडी काढतो."

ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. पाणी चढत होतं ते आमच्या भल्याचं की वाइटाचं, तेच कळेना. चढलं तर होडी येणार, चढलं तर रुग्णवाहिका बुडणार. बाई काठावर उभ्या होत्या, पदर खोचलेला, बोटं चिंचेने काळी झालेली. त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं स्तोत्र म्हणताहेत. जवळ गेलो तर त्या खाडीकाठच्या एकेका पाड्याचं नाव घेत होत्या. आपण अशा रेघा अजून कुठे कुठे ओढल्या, ते आठवत होत्या.

मग होडी दिसली. बांध पाण्याखाली गेला होता आणि होडी बरोबर त्याच्यावरून, बाईंनी रेघ ओढली होती तिथूनच येत होती. केसरीनाथ आणि आणखी एक जण वल्हवत होते. मधे मैना आडवी, पाय सुजून निळा पडलेला, डोळे अर्धे मिटलेले. भाविकने आणि मी तिला उचलून माझ्या गाडीत मागे ठेवलं. बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. केसरीनाथ पुढे बसले. सरकारी दवाखान्यापर्यंत ते दर दोन मिनिटांनी मागे वळून "मैने, जागी ऱ्हा" म्हणत राहिले. भाविक ओल्या कपड्यांनी पुढे एका मोटारसायकलवर, ओरडून ट्रक बाजूला करत होता.

डॉक्टरांनी सापाच्या विषावरची लस लगेच सुरू केली. अजून अर्धा तास गेला असता तर कठीण होतं, असं ते म्हणाले. बाईंनी ते ऐकलं आणि बाकावर बसून रडल्या. मैना वाचणार म्हणून रडल्या, आणि तो अर्धा तास आपण जवळजवळ खाल्लाच होता म्हणूनही. मी त्यांना पाणी आणून दिलं. समजूत घालायला गेलो नाही, कारण ती रेघ मीही तपासली होती.

रुग्णवाहिका ओहोटीला ओढून काढली. मैना नवव्या दिवशी घरी गेली. बाईंनी मात्र लॅपटॉप कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. एके दिवशी केसरीनाथ भाजीची पिशवी घेऊन त्यांच्याकडे आले. मलाही बोलावणं आलं. बाईंनी हात जोडले आणि सांगितलं, मी हे काम सोडलं आहे. केसरीनाथांनी पिशवी खाली ठेवली.

"तुमी इचारलंत, वाट हाय का," ते म्हणाले. "मी हाय म्हनलो. कवापर्यंत हाय, त्ये तुमी इचारलं न्हाय, आन् मी सांगितलं न्हाय. आमच्यात कोन सांगतंय? सगल्यांना म्हाईतच असतंय." मग म्हणाले, "पर रेघ पुसून टाकलीत, त्ये बरं न्हाय केलंत. उन्हाल्यात कुनाला साप चावला तं त्याच वाटेनं गाडी येनार."

बाईंनी त्याच संध्याकाळी कुलूप काढलं. ती वाट पुन्हा काढली आणि तिच्यावर लिहिलं, भात झोडल्यापासून मृगापर्यंत, काटी पडली की बंद. भाविकला समोर बसवून नकाशा नव्याने उतरवून घ्यायला लावला. तेव्हापासून त्यांचं काम निम्म्याने मंदावलं आहे. पाच रेघांच्या जागी दोन होतात. गावात फोन करून त्या आता वाट आहे का एवढ्यावर थांबत नाहीत. कुठल्या महिन्यात, भरतीला काय होतं, कोण बंद करतं, बंद केल्याची खूण काय, सगळं विचारतात. लोक वैतागतात. शनिवारी मी त्यांना गाडीने एकेका पाड्यावर नेतो, आणि बाई काठी टेकत वाटेच्या टोकापर्यंत चालून येतात. त्यांची धास्ती काही गेलेली नाही. रात्रीची झोपही तशीच, तुटक. जाईल म्हणावं तर ते खोटं ठरेल. उपग्रहाचं चित्र बदललं की अजूनही त्या पहिल्यांदा मधलापाडा उघडतात.

या वर्षी मृग लागायच्या आधीपासूनच त्यांची घालमेल सुरू झाली. काटी पडली की कळवतो, असं केसरीनाथांनी कबूल केलं होतं. सात जूनला फोन आला नाही. आठ जूनला आला नाही. आपण करावा तर तगादा वाटेल, न करावा तर भाविक त्या वाटेने जाईल. बाई सकाळपासून माझ्याकडे तीनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा हातातला फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, मलाही ऐकू यावं म्हणून.

आवाज केसरीनाथांचा नव्हता, बायकी होता, थोडा धापलेला. मागे खाडीवरचा वारा ऐकू येत होता.

"ताय, मैना बोलतंय. मीच आलो आज बांधावर. काटी टाकली." मग ती म्हणाली, "आता तुजी पन टाक."

बाई तशाच आपल्या घरी गेल्या आणि लॅपटॉप उघडून त्यांनी वाट बंद केली. मग भाविकला फोन लावला.