सात बरोबर सात

वैशाख लागला की लालबागची हवा तिखट होते. खाली गल्लीत मिरच्या भाजायला घेतल्या, त्यात धण्यांचा खमंगपणा मिसळला, की तो सगळा ठसका मजल्यामागून मजले चढत आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसतो. सासरच्या चाळीच्या जागी हा टॉवर उभा राहिला तेव्हा मला वाटलं होतं, एवढ्या उंचावर गेल्यावर गल्लीचा आणि आपला संबंध सुटला. पण मिरचीला लिफ्ट लागत नाही. परवा दुपारी खिडकी लावायला उठले, तर मागून एक सणसणीत शिंक आली आणि पाठोपाठ पेन टेबलावर आपटल्याचा आवाज. शेजारच्या घरातली मुलगी सध्या माझ्याकडे बीजगणित घेऊन बसते. दहावीचे क्लास हल्ली सुट्टीतच सुरू होतात आणि तिथे जे डोक्यावरून जातं ते घेऊन ती दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलाशी येते. मी काही शिक्षिका नव्हे. परळच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. पण मला बीजगणित आवडतं ही बातमी आमच्या मजल्यावर कशी कोण जाणे पसरली आहे.

"काकू, बघा ना हे! सगळं बरोबर केलंय, तरी शेवटी सात बरोबर सात येतंय. एक्स गायबच झाला."

मला हसू आलं. ती चिडली, आणि तिचं चिडणं रास्तच होतं. पण मी तिला हसले नव्हते. तिच्या वयाची एक दुसरी मुलगी फळ्यासमोर खडू धरून उभी असलेली मला दिसली, फळ्यावर हेच सात बरोबर सात लिहून थिजलेली. ती मी.

नववीच्या सहामाहीत मी गणितात सपशेल आपटले होते. घरात गणिताचं कौतुक कुणाला असणार? बाबांची गिरणी बंद पडून काही वर्षं झाली होती. ते सकाळी दारातल्या स्टुलावर बसत आणि एकच वर्तमानपत्र दिवे लागेपर्यंत वाचत. घर आईच्या हातात आणि आईच्या तोंडावर चालायचं. प्रगतिपुस्तकावर सही करता करता तिने निकाल देऊन टाकला, "वार्षिकाक नापास झालंस तर गावाक धाडतलंय. मामीक हाताखाली कोणीतरी व्हयाच आसा." आई बोलली की ते करायची. मामाचं गाव मला आवडायचं, पण सुट्टीत. कायमचं तिथे जायचं म्हणजे शाळा संपली, मैत्रिणी संपल्या, पुढचं सगळंच संपलं, हे कळण्याइतकी मी मोठी झाले होते. आणि ते सगळं येऊन टांगलं होतं एक्स आणि वायवर.

त्यातच आमच्या गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी शिवाजी पार्कहून एक निवृत्त बाई आल्या. इस्त्रीची सुती साडी, चष्म्याच्या डबीत जपून ठेवलेले रंगीत खडू आणि पुस्तकात छापल्यासारखं मराठी. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मी तुमची बदलीवरची बाई. तुमच्या बाई आल्या की मी चालले. तोवर सोसा मला." बदली हा शब्द आमच्या परळच्या वर्गात सगळ्यांच्या घरातला होता. कायमचा कामगार खाड्यावर असला की त्याच्या जागी घ्यायला गिरणीच्या फाटकाशी माणसं भल्या पहाटेपासून उभी असायची. तीच बदली. बाईंना ते ऐकून माहीत असावं, कारण एकसामयिक समीकरणं शिकवायला त्यांनी नेमकी तीच गोष्ट उचलली.

फळ्यावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या. एक्स अधिक वाय बरोबर सात. दोन एक्स अधिक तीन वाय बरोबर अठरा. "दोन अनोळखी माणसं," त्या म्हणाल्या, "एकाच वेळी दोघांचा पत्ता लागत नाही. मग एकाला दुसऱ्याच्या भाषेत सांगायचं. वाय म्हणजे काय? सातातून एक्स वजा केला की जो उरतो तो. आता वायला म्हणावं, तू घरी जा, तुझ्या साच्यावर हा बदलीवाला उभा राहील." साचा म्हणजे गिरणीतला माग, हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. वर्ग खूश झाला. बदलीवाल्याला कंसात उभं करायचं, कारण तो एकटा येत नाही, आपलं वजाचं चिन्ह बरोबर घेऊन येतो, हेही आम्हाला पटलं. मग त्यांनी मला पुढे बोलावलं.

मी वायच्या जागी कंस मांडला, पण मांडला तो पहिल्याच समीकरणात. ज्यातून वाय काढला होता त्यातच तो पुन्हा घातला. एक्स अधिक सात वजा एक्स बरोबर सात. एक्सने एक्सला खाल्लं आणि खाली उरलं सात बरोबर सात. बाई मोकळेपणाने हसल्या. "चूक नाही हो हे, अगदी खरं आहे. पण उपयोग काय? बदलीवाला खोलीतून निघाला आणि फिरून खोलीतच येऊन बसला, तर त्याची हजेरी लागेल का?"

वर्गात कुणीच हसलं नाही. आमच्यातल्या किती जणांचे बाबा त्या घटकेला खोलीतच बसलेले होते, ते बाईंना कुठून ठाऊक असणार! मला दारातलं स्टूल दिसलं, ते वर्तमानपत्र दिसलं आणि फळ्यासमोर उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वर्गाकडे आणि फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेण्याआधी त्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. "काल मी जे बोलले ते बोलायला नको होतं. तुमच्या घरांची मला माहिती नव्हती. मला माफ करा." शिक्षकाने वर्गाची माफी मागितलेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही क्वचितच. मधल्या सुट्टीत त्यांनी मला थांबवलं. "रविवारी सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर येशील? आमचे हे फेऱ्या मारतात, मी नुसतीच बसते. बसल्या बसल्या गणितं सोडवू. आणि एकटी येऊ नकोस हो, वडिलांना घेऊन ये."

बाबा आधी नाहीच म्हणाले. मग आईने वर्तमानपत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि शर्ट पुढे केला. आम्ही परळहून चालत गेलो. कट्ट्यावर बाईंनी माझ्यासाठी रुमाल अंथरून ठेवला होता. त्यांचे यजमान, पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेले उंच गृहस्थ, बाबांना म्हणाले, "चला हो, या दोघींत आपलं काय काम? एक फेरी मारून येऊ." माझ्या बाबांना फेरी मारायला कुणी कित्येक वर्षांत बोलावलं नव्हतं. ते अवघडून निघाले. मैदानाला वळसा घालून दोघे आमच्यासमोरून गेले की ते गृहस्थ ओरडायचे, "काय गं, एक्स सापडला का?" आणि बाई त्यांच्यावर खडू उगारायच्या. पुढच्या पुढच्या रविवारी मी मान वर करून पाहिलं, तर बाबा हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि यजमान चालायचे थांबून ऐकत होते. साच्यावर तुटलेला धागा कसा जोडतात ते असावं. बाबांना इतकं बोलता येतं हे मी विसरूनच गेले होते. नंतर एकदा तर त्या गृहस्थांच्या आधी बाबांनीच विचारलं, "सापडला का गो एक्स?"

सापडायला लागला होता. एकाला दुसऱ्याच्या भाषेत सांगायचं, दुसऱ्या समीकरणात नेऊन ठेवायचं, कंस सोडवायचा आणि शेवटी दोन्ही ठिकाणी घालून ताळा करायचा. ताळ्याशिवाय बाई वही मिटू द्यायच्या नाहीत. "उत्तर आलं म्हणजे आलंच असं नसतं, बाळ. दोन्ही घरी विचारून यावं." आमच्या शाळेतल्या बाई रजेवरून परतल्या तशा या बाई वर्गातून गेल्या, निरोप समारंभ वगैरे काही न करू देता. पण कट्टा सुटला नाही. वार्षिक परीक्षा झाली, मी पास झाले आणि गावाचा विषय आईने पुन्हा काढला नाही. बाबा पुढे माटुंग्याच्या एका कारखान्यात चिकटले. ती जागा त्यांना फेरी मारता मारताच कळली होती.

निकालाच्या रविवारी आईने वर्षाच्या मसाल्यातली पहिली बरणी बाईंसाठी बांधून दिली. बाईंनी तिथेच झाकण उघडून वास घेतला आणि त्यांच्या यजमानांना शिंकांवर शिंका आल्या. आईने पढवून पाठवलेलं वाक्य मी धीर करून म्हटलं, "बाई, तुमचे उपकार मी कसे फेडू?"

बाईंनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाल्या, "जिथून काढलंस तिथेच परत आणून ठेवणार? अगं, सात बरोबर सात येईल!" आणि बरणी पिशवीत घालत म्हणाल्या, "मसाला मात्र ठेवून घेते."

तेव्हा मी नुसती हसले. बाईंनी गंमत केली असं मला वाटलं. पुढे कॉलेज, नोकरी, लग्न. भेटी विरळ झाल्या, मग दिवाळीच्या फोनापुरत्या उरल्या आणि मग फोनही उचलला जाईनासा झाला. एकदा मुद्दाम गेले तेव्हा त्यांच्या इमारतीच्या रखवालदाराने सांगितलं की आधी साहेब गेले आणि पाठोपाठ बाई. मी कट्ट्यावर जाऊन बसले. मैदानात नेटमध्ये पोरं खेळत होती, माणसं फेऱ्या मारत होती. त्या सकाळी फार वाटलं की आपलं देणं आता कायमचं आपल्यापाशीच राहिलं.

"काकू, हसताय काय? सांगा ना!" शेजारची मुलगी पेन माझ्यापुढे नाचवत होती. मी तिला एवढंच विचारलं, "हा वाय तू कुठून काढलास? आणि ठेवलास कुठे?" तिने बोट एका ओळीवरून दुसरीकडे नेलं आणि ते मधेच थांबलं. मग ती भराभर लिहीत सुटली. एक्स तीन आला, वाय चार. ती वही मिटणार तोच मी म्हटलं, "ताळा?" तिने डोळे फिरवले, पण केला.

जाताना दारात म्हणाली, "आई म्हणाली, मसाला कुटून आणला की पहिली बरणी तुम्हाला." मी म्हटलं, "आण, नाही म्हणणार नाही." दार लोटून वळले, तर बाहेर क्लासला खाली जायला लिफ्टची वाट बघत ती फोनवर बोलत होती. घोडपदेवची तिची एक मैत्रीण आहे, तीही याच गणितावर अडलेली.

"तुझंपण सात बरोबर सात आलं ना? अगं, परत तिथेच नको ठेवूस, दुसऱ्यात ठेव! थांब, सांगते..."

लिफ्ट आली आणि गेली. ती चढलीच नाही. सांगत राहिली. मी दाराआड उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीचं म्हणून खपलंही असतं, पण खालची भट्टी केव्हाच बंद झाली होती.