वाक्य चुकलं

मालदीवमध्ये शिक्षिका होते, तेव्हा समोरच्या घरात मालिकेचं शूटिंग चालायचं. कपडे वाळत घालता घालता मी गच्चीवरून बघायची. त्या दिवशी सासूचं काम करणारी नटी दिराचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटाला थप्पड मारत होती. तीन टेक झाले, त्याचा गाल लाल झाला, तरी तिचं समाधान होईना.

हे दोघं एकेकाळचे नायक-नायिका. माझी शेजारीण सांगायची, तेव्हा तो खरीच थप्पड मारायचा आणि पुन्हा मारता यावी म्हणून मुद्दाम वाक्य चुकायचा. ती रडायची. लोक म्हणायचे, काय अभिनय करते! एवढ्याशा बेटावर कामं देणारी माणसं चार. तक्रार करणार कुणाकडे? पुढे पडद्यावर ती नायिकेची वहिनी झाली, वहिनीची आई, आईची सासू. तिचा गाल मात्र सगळं लक्षात ठेवून होता.

क्षमा करावी, असं मी वर्गात शिकवायची. पण त्या दिवशी ओला टॉवेल पिळत मनात म्हणत होते, अजून एक, बाई, अजून एक!

"आता तरी झाला ना शॉट?" त्यानं गाल चोळत विचारलं.

तिनं शांतपणे बांगड्या मागे सारल्या.

"नाही रे. वाक्य चुकलं माझं."